ब्रनोच्या मठातले अडीच गुंठे

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तेथून उत्तरेकडे निघालेली आगगाडी दीड तासात ब्रनोला पोचते. मध्ये देश बदलतो, ऑस्ट्रिया संपून चेक प्रजासत्ताक लागते, पण ते कळतही नाही. खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसती शेती दिसते. २०२४ सालचा ऑक्टोबर होता. कुठे वाळलेला मका उभा, कुठे साखरेच्या बीटाचे ढीग शेताच्या कडेला रचलेले. आपल्या डोळ्याला खटकते ती एक गोष्ट, बांध नाहीत. नजर पोचेल तिथवर एकच तुकडा. साम्यवादी राजवटीत सामुदायिक शेतीसाठी तेथले बांध मोडले, ते पुष्कळ ठिकाणी आजही तसेच मोडलेले आहेत.

मी निघालो होतो तो वहिनींच्या सोबतीला. पुतण्या ब्रनोत संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्याकडे बाळंतपण होते. दादाला सोयाबीनची मळणी सोडून हलता येईना आणि वहिनींना एकटीने विमानात बसण्याचे धाडस होईना. मी रजा काढली. पण खरे सांगायचे तर ब्रनोचे नाव ऐकल्यावर मला सोबतीचे निमित्तच झाले. कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षी ज्याचे वाटाणे पाठ केले, तो ग्रेगोर मेंडेल याच गावचा. अनुवंशशास्त्राची, म्हणजे आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात या शास्त्राची, सुरुवात ज्या वाफ्यात झाली तो वाफा डोळ्यांनी पाहायचा होता.

आम्ही पोचलो त्याच्या चार दिवस आधी मुलगी झाली होती. घरात जावळ कोणाचे, नाक कोणाचे, यावर फोनवरून गावाकडे वाद चालू होते. त्यातच पुतण्या एके संध्याकाळी एक जाड काळा चष्मा घेऊन आला. ‘काका, तुम्ही मेंडेल बघायला आलात ना? मग आधी हे बघा,’ म्हणाला.

आभासी वास्तव, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात तो हा प्रकार. मोठ्या कृषी प्रदर्शनांत काही वाचकांनी तो डोळ्यांना लावलाही असेल. करामत फार गूढ नाही. दोन भिंगे असतात आणि दोन्ही डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात. आपले दोन डोळे रोज हेच करतात, म्हणून खोली जाणवते. शिवाय मान वळवली की ती हालचाल यंत्राला कळते आणि चित्रही तेवढेच वळते. त्यामुळे आपण चित्र पाहत नाही, चित्राच्या आत उभे आहोत असे वाटते. काहींना मळमळते, कारण डोळे सांगतात आपण चाललो आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलो आहोत. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भिंगे बसवून त्यात मोबाइल ठेवला तरी थोडेबहुत काम होते.

परदेशात हे साधन लोकांना अनुवंशशास्त्र समजावून देण्यासाठी वापरतात. २०१९ साली लंडनला रॉयल सोसायटीच्या उन्हाळी प्रदर्शनात ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी पेशीतल्या डीएनएच्या धाग्याची घडी कशी पडते, ते असेच लोकांना दाखवले होते. पुतण्याच्या चष्म्यातही पेशीच्या आत नेणारा एक कार्यक्रम होता. आधी मी आत शिरलो. एखाद्या मोठ्या गुहेत शिरावे तसे वाटले. वरून, खालून, बाजूंनी जाड दोरखंड लोंबताहेत, त्यांना पीळ आहे, ते वेटोळे घेऊन पडले आहेत. एका पेशीतला हा धागा सरळ केला तर दोन मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा लांब भरतो. पेशीचे केंद्रक मात्र डोळ्यांना दिसतही नाही इतके लहान. वर्गात हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकवले असेल. ते अंगावर आले त्या दिवशी.

मग वहिनींनी चष्मा लावला. प्रथम त्या दचकून मागे सरकल्या. नंतर हात पुढे करून ते दोरखंड चाचपू लागल्या. पाच मिनिटे काही बोलल्या नाहीत. मग चष्मा न काढताच म्हणाल्या, ‘भाऊजी, यात मुलाचा धागा कोणता हो?’

पुतण्या हसला. मला हसू आले नाही. वहिनींना तीन मुलींनंतर हा मुलगा झाला. त्या दहा वर्षांत आमच्याच घरात, आमच्या आईच्या तोंडून, त्यांनी काय काय ऐकले ते मला ठाऊक आहे. आई आता नाही, आणि तिची पिढीच तशी होती. पण वहिनींचा प्रश्न गमतीचा नव्हता. चष्म्याने त्याचे उत्तर दिले नाही. देणार कसे? चष्म्याने धागा दाखवला. तो कोणाकडून आला आणि किती वेळा येईल, हे धाग्यावर लिहिलेले दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मठात गेलो. गावातून ट्राम जाते. ज्या चौकात उतरायचे त्याचे नावच मेंडेल चौक. लाल विटांचे जुने उंच देऊळ, त्याला लागून मठ आणि शेजारी चक्क बिअरचा कारखाना. मठात आता मासारिक विद्यापीठाचे मेंडेल संग्रहालय आहे. भोजनगृहाच्या खिडक्यांखाली हिरवळ आहे, तीच ती प्रयोगाची जागा. लांबी ३५ मीटर, रुंदी ७ मीटर. मी सवयीने पावलांनी मोजली आणि मनात हिशेब केला, अडीच गुंठेसुद्धा भरत नाहीत. वहिनी म्हणाल्या, ‘आपल्या गोठ्यामागची परसबाग याहून मोठी आहे.’

या जागेत मेंडेलने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे वाटाणा लावला. सुमारे २८ हजार झाडे तपासली.

हा माणूस मूळचा शेतकऱ्याचा. १८२२ साली हिंचित्से नावाच्या खेड्यात जन्मला. बापाला आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. १८३८ मध्ये अशाच कामावर असताना लाकडाचा ओंडका छातीवर पडून तो कायमचा अधू झाला. एकुलता एक मुलगा शाळेत, घरी पैसा नाही. तेव्हा धाकट्या बहिणीने, तिचे नाव तेरेझिया, आपल्या हुंड्याच्या वाट्यातून भावाच्या शिक्षणाला पैसे दिले. पुढे मेंडेलने तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला मदत करून ते फेडले. १८४३ साली तो मठात आला तोही मुख्यतः पोटाची भ्रांत मिटावी म्हणून. शिक्षकाची पक्की सनद मिळवण्याची परीक्षा त्याने दोनदा दिली, दोन्ही वेळा ती पदरात पडली नाही. वहिनींना हे सांगितले तर त्या बहिणीचाच विचार करीत राहिल्या. ‘तिचा पुतळा नाही का कुठे?’ म्हणाल्या. मला तरी दिसला नाही.

ब्रनो त्या काळी लोकरीच्या गिरण्यांचे गाव होते. चांगल्या लोकरीची मेंढी पैदास करणारे लोक तेथे सभा भरवून वाद घालीत, की मेंढ्याचे गुण कोकरात येतात ते कसे, आणि कधी येत नाहीत ते का. मठाचे महंत नाप हेही त्या वादात असत, आणि १८३०च्या दशकातच त्यांनी नेमका प्रश्न मांडला होता की काय उतरते आणि कसे उतरते. म्हणजे प्रश्न मेंढपाळांचा आणि उत्तर शेतकऱ्याच्या पोराचे.

मेंडेलने बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ प्रकार आणले, दोन वर्षे पेरून ते शुद्ध आहेत का पाहिले आणि २२ ठेवले. मग उंच झाडावर बुटक्या झाडाचा, गोल दाण्यावर सुरकुतलेल्या दाण्याचा असा संकर केला. कळी उमलण्याआधी उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि पिशवी बांधायची. जालन्याकडे, देऊळगावराजाकडे कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर आपल्या आयाबहिणी ‘क्रॉसिंग’ करतात ते दुसरे काय आहे? मठातल्या साधूने केलेले काम त्या हंगामात हजारो कळ्यांवर करतात.

गोल आणि सुरकुतलेले यांचा संकर झाला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती गेलीच, असे कोणीही म्हणेल. मेंडेलने तेच गोल दाणे पुन्हा पेरले आणि त्या झाडांना आपल्या आपणच फळू दिले. पुढच्या पिढीचे ७,३२४ दाणे त्याने मोजले. ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. आजोबांची सुरकुती नातवात परत आली, आणि आली ती दर चार दाण्यांत साधारण एकाला. पिवळ्या-हिरव्या दाण्यांचे असेच, ८,०२३ पैकी ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. उत्तर असे की प्रत्येक गुणाची दोन अर्धुके झाडात असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक अर्धुक दुसऱ्याला झाकून टाकते, पण झाकलेले मरत नाही. पुढे पोराला देताना दोहोंपैकी कोणतेही एक दिले जाते.

संकरित बियाणे घरचे का धरायचे नाही, हा प्रश्न मला खेड्यापाड्यांत तीस वर्षे विचारला जात आहे. बियाणे कंपन्यांची लबाडी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. कंपन्यांच्या किमतीबद्दल काय बोलायचे ते बोला, पण मक्याचे संकरित पीक एकसारखे दिसते ते पहिल्या पिढीपुरतेच. त्यातले दाणे ठेवून पेरले की झाकलेली अर्धुके उघडी पडतात. एक झाड उंच, एक बुटके, एक आधी निसवते, एक मागाहून, आणि उताराही घटतो. सरळ वाणाचे, म्हणजे बहुतेक सोयाबीनचे, हरभऱ्याचे, गव्हाचे, बियाणे खुशाल घरचे धरावे. फरक एवढाच आहे आणि तो या अडीच गुंठ्यांत सापडलेला आहे.

मेंडेलच्या निबंधातली आणखी एक नोंद फार थोडे लोक सांगतात, आणि माझ्या मते घराघरांत तीच सर्वांत उपयोगाची. चाराला एक हे प्रमाण हजारो दाण्यांचे. एकेका झाडावर ते तसे बसतेच असे नाही. त्याला एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले दाणे मिळाले, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. नियम तोच, झाडांचे नशीब निराळे.

नंदुरबारकडे नोकरीत असताना मला याचा अर्थ माणसांत पाहायला मिळाला. त्या भागात आणि विदर्भातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. नवरा-बायको दोघेही नुसते वाहक असतील तर दोघेही धडधाकट असतात, पण त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एका जोडप्याचे पहिले मूल आजारी निघाले. त्यांनी हिशेब केला, चारातला एक झाला, आता पुढची तीन निरोगी. दुसरेही आजारीच निघाले. हिशेब चुकीचा होता, कारण प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. आधी काय निघाले ते चिठ्ठीला आठवत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. त्या भागातल्या मंडळींनी लग्न जुळवण्याआधी मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही रक्त तपासून घ्यावे. पत्रिका पाहायची असेल तर ती मागाहून पाहावी.

संध्याकाळी घरी आल्यावर मी सुनेच्या डब्यातले हिरवे आणि पांढरे वाटाणे मागून घेतले. दोन कापडी पिशव्या घेतल्या. वहिनींना म्हटले, ‘ही तुमची पिशवी, ही दादाची. हिरवा दाणा म्हणजे एक्स आणि पांढरा म्हणजे वाय. हिरवे-हिरवे जमले तर मुलगी, हिरवा-पांढरा जमला तर मुलगा. बाईच्या पेशीत दोन्ही एक्सच असतात, म्हणून तुमच्या पिशवीत सगळे हिरवे. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय, म्हणून दादाच्या पिशवीत निम्मे हिरवे, निम्मे पांढरे. आता न बघता दोन्ही पिशव्यांतून एकेक दाणा काढा आणि जोड्या मांडा.’

त्या मांडू लागल्या. मुलगी, मुलगी, मुलगा, मुलगी. आठ-दहा जोड्या झाल्यावर त्या थांबल्या आणि आपली पिशवी पालथी केली. सगळे हिरवे दाणे ताटात पसरले.

‘म्हणजे माझ्या पिशवीत पांढरा दाणा नव्हताच की, भाऊजी.’

‘नव्हताच,’ मी म्हटले. ‘आणि दादाच्या पिशवीत होता, पण काढताना त्यालाही दिसत नव्हता.’

त्या बराच वेळ ताटातले दाणे बोटाने इकडचे तिकडे करीत बसल्या. मग उठल्या आणि सुनेच्या खोलीत जाऊन नातीला घेऊन आल्या. पुतण्याने चष्मा खोक्यात ठेवून दिला.

चष्मा वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. शेतात मोजून प्रमाण कळते, पण अर्धुके असतात कुठे ते शेतात दिसत नाही. ते मेंडेललाही दिसले नव्हते. ते दाखवायला चष्म्यासारखे साधन नाही. ग्रामपंचायतीत, शाळेत अशी एखादी पेटी येणार असेल तर अवश्य यावी. फक्त आधी दाणे मोजून घ्यावेत आणि मग चष्मा लावावा. उलटे केले तर तो जत्रेतला पाळणा होतो. चक्कर येते, मजा वाटते, आणि घरी आल्यावर सून तीच आणि बोलणीही तीच. नाका-डोळ्यांचेही एक सांगून टाकतो. रंग, उंची, नाक हे वाटाण्यासारखे एका जोडीवर ठरत नाहीत, पुष्कळ जोड्या मिळून ठरतात. तेव्हा नात कोणावर गेली या वादाला मेंडेलचा निकाल मागू नये.

मेंडेलने आपले काम १८६५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गावच्या निसर्गशास्त्र मंडळात वाचून दाखवले. १८६६ साली ते छापले गेले. कोणाला पटले की नाही कोण जाणे, दखल कोणी घेतली नाही. तो १८६८ मध्ये महंत झाला, करावरून सरकारशी भांडला, मधमाश्या पाळल्या आणि ६ जानेवारी १८८४ रोजी वारला. त्याच्या कामाची किंमत जगाला कळली ती १९०० साली. १९१० मध्ये चौकात त्याचा पांढरा संगमरवरी पुतळा बसला. पुढे रशियात लायसेन्को नावाच्या माणसाने हे शास्त्रच खोटे ठरवले आणि त्याच्या धाकातल्या देशांतही त्याची शिकवण बंद झाली. १९५० साली ब्रनोचा मठ बंद केला गेला आणि पुतळा चौकातून मठाच्या आत आला. तो आजही आतच आहे. त्याच्या समोरच्या आवारात मेंडेलच्या हरितगृहाचा जुना पाया आहे. ते हरितगृह १८७०च्या वादळात गेले होते. त्या पायावर २०२२ साली, मेंडेलच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, लोखंड आणि काचेचे नवे उभारले.

तिकडे वाटाण्याचे दाट सूप मिळते, आपल्या आमटीच्या वाटेवरचे. शाकाहारी माणसाने मात्र आधी विचारून घ्यावे, त्यात बहुधा डुकराचे मांस असते.

मेंडेलचे दाणे पाहायला ब्रनोला जायची गरज नाही. पुरंदर तालुक्यात पावसाळी वाटाणा होतोच. अर्केल किंवा बोनव्हिला या भाजीच्या वाणांचे बी वाळले की सुरकुतते. किराणा दुकानातला उसळीचा पांढरा वाटाणा गोल गुळगुळीत असतो. सुरकुतलेल्या दाण्यात साखरेचे पिठात रूपांतर पुरते होत नाही, म्हणून तो गोड लागतो, हिरवा असताना पाणी जास्त धरतो आणि वाळला की आक्रसतो. त्यामागचा बिघाड नेमका कोणत्या जनुकात आहे, ते इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९९० साली शोधून काढले.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी परसात दोन्ही जातींचे एकेक सरे लावावे. कळीत पांढरी पाकळी डोकावू लागते, पण परागकोष फुटलेले नसतात, त्या वेळी कळी अलगद उघडून दहाही पुंकेसर चिमट्याने काढावेत, दुसऱ्या जातीच्या ताज्या फुलाचे पराग लावावेत आणि दोरा बांधून खूण करावी. दहा कळ्यांवर केले तर चार-पाच तरी धरतील. त्या शेंगांतले दाणे वाळल्यावर सगळे गोल निघतील. ते वेगळ्या पुडीत जपून पुढच्या हंगामात पेरावेत. त्या झाडांच्या शेंगा वेलावरच पुऱ्या वाळू द्याव्यात, ओल्या दाण्यात सुरकुती ओळखू येत नाही. एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले शेजारी शेजारी बसलेले सापडतील. मग मुलांना ताट देऊन मोजायला बसवावे. शंभर दाण्यांत अंदाज येतो, पण हजार मोजल्याशिवाय आकडा कागदावर मांडू नये.